ट्यूलिपचा देखणा आजार

माझ्या अंगणातल्या एका ट्यूलिपला पट्टे आले, त्या दिवसापर्यंत वेस्टरकर्क गावात मला कोणी ओळखत नव्हतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. चष्म्याच्या दुकानात नोकरी करणाऱ्या माणसाला कुणी ओळखू नये हेच बरं. लोक येतात, भिंतीवरची अक्षरं वाचतात, चुकतात, ओशाळतात, आणि पुढे रस्त्यात भेटले की नव्या चष्म्यातूनही मी त्यांना दिसत नाही.

ट्यूलिप लावणं ही आमच्याकडे हौस नाही, नागरिकत्वाची अट आहे. आमचे पणजोबा हॉलंडातून मिशिगनला आले ते लाकडी बूट, वाटाण्याचं सूप आणि शेजाऱ्याच्या अंगणाकडे बघून नाक मुरडण्याची कला, एवढी शिदोरी घेऊन. तेव्हापासून दर मे महिन्यात गावाचा ट्यूलिप उत्सव असतो. मिरवणूक निघते, मिरवणुकीआधी सगळा रस्ता खराट्यांनी घासून धुतला जातो, आणि मिरवणूक ज्या रस्त्यांवरून जाते तिथल्या प्रत्येक घरासमोर दोन्ही बाजूंना ट्यूलिप लागतात. उत्सव समितीचा नियम आहे : लाल, सरळ, एकसारखे. मिरवणूक आमच्या लिंडन रस्त्यावरून जाते. आमच्या रस्त्यावरच्या माणसांनी आयुष्यात मिळवलेलं हे एवढंच, पण ते आम्ही जपतो.

तर १९८६ सालच्या मे महिन्यात माझ्या पन्नास लाल ट्यूलिपांत एकानं नियम मोडला. लाल पाकळ्यांवर पांढऱ्या ज्वाळा. कुणीतरी बारीक कुंचल्यानं रात्रभर बसून काढाव्यात अशा. मी कामावर निघालो होतो. थांबलो, वाकलो, गुडघ्यावर बसलो. दुकानात पोचायला मला चाळीस मिनिटं उशीर झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं मला काही वाटलं नाही.

कुंपणापलीकडून वेंडेल पोस्टमा बघत होता. वेंडेल शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. अठरा वर्षं आमच्या दोन घरांत मिळून एक शिडी आणि बर्फ उपसायचं एक फावडं होतं. एवढ्यावरून आमचं नातं लक्षात यावं.

"रंगाचा डबा सांडलास का रे हार्लन?"

"सांडला नाही. उमललंय तसंच."

"मग कॉफीचा चोथा घाल मुळाशी. असली दुर्मिळ गोष्ट उपाशी ठेवू नये."

समोरच्या ट्रूडी व्हॅनडर झ्वाग म्हणाल्या की अंड्याची टरफलं घाला. कोपऱ्यावरच्या आजोबांनी ताक सुचवलं. आठवडाभर मी त्या एका रोपट्याला सकाळचा इतका सकस नाश्ता घातला की माझी बायको लोइस म्हणाली, "एकदा मलाही असं विचार, काय हवंय म्हणून."

श्रेय मात्र सासूबाईंनी घेतलं. सासूबाई आमच्याकडे मागच्या खोलीत राहतात, आणि घर आमच्या नावावर आहे ही गोष्ट त्यांनी मोठ्या मनानं माफ केलेली आहे. ट्यूलिपच्या वाफ्याच्या कडेनं त्यांच्या ठिपकेवाल्या नारिंगी लिलींची रांग आहे. आमच्या लग्नानंतर इथे राहायला आल्या तेव्हा त्यांनी कपड्यांआधी या लिली आणल्या होत्या.

"संगतीचा परिणाम," त्या म्हणाल्या. "माझ्या लिलींशेजारी राहून काहीतरी वळण लागलं तुझ्या फुलांना."

त्यांचं हे म्हणणं शब्दशः खरं होतं हे पुढे कळणार होतं. तेव्हा आम्ही फक्त हसलो.

नवीन जात सापडली की तिची नोंद करावी लागते. मी उत्सव समितीच्या कचेरीत गेलो. तिथे मिस अल्बर्डा बसतात. त्यांना गेली तीस वर्षं कुणी हसताना पाहिलेलं नाही, पण त्यांनी भरून घेतलेला अर्ज कधी परत आलेला नाही अशीही ख्याती आहे.

"जातीचं नाव?"

मी मनात 'डायकहाउसची ज्वाला' ठरवून गेलो होतो. घरी लोइसला 'लोइस' हवं होतं. सासूबाईंना काहीच नको होतं, फक्त त्यांचं नाव गर्टी आहे एवढं त्यांनी जेवताना चार वेळा सांगितलं.

"गर्टी," मी म्हणालो.

"फुलं किती?"

"एक."

मिस अल्बर्डांनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर डायकहाउस, एक फूल म्हणजे योगायोग. तीन फुलं म्हणजे जात. पुढच्या वर्षी या."

मी वर्षभर थांबलो. फूल गळल्यावर कांदा उकरला, त्याला सुटलेले बारके कांदे वेगळे केले, शरद ऋतूत परत पुरले. हिवाळ्यात त्या जागेवर बर्फ साचला की मला उगीच भरून यायचं. वेंडेलनं दोनदा विचारलं, "एखादा बारका कांदा देतोस का रे?" मी दोनदा म्हणालो, "नोंद होऊ दे." हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जो तमाशा झाला त्याचं मूळ माझ्या या चिकटपणात आहे.

पुढच्या वर्षी एप्रिल उबदार गेला आणि महिनाअखेरीस कळ्या फुटल्या. माझ्याकडे अकरा पट्टेदार ट्यूलिप! मी अंगणात दोन्ही हात पसरून उभा राहिलो. मग सहज मान वळवली, तर वेंडेलच्या वाफ्यात सात. ट्रूडीबाईंकडे पाच. कोपऱ्यावरच्या आजोबांकडे तर चौदा, आणि आजोबा वाफ्याजवळ खुर्ची टाकून आल्यागेल्याला दाखवत होते.

मी कुणाला एक कांदाही दिला नव्हता.

माणूस रागावला की त्याचं गणित फार पक्कं होतं. कांद्यांना पाय नसतात. म्हणजे हात लागले. आणि सबंध रस्त्यावर कांदा मागणारा माणूस एकच होता.

"वेंडेल, हे कुठून आले?"

"जमिनीतून," वेंडेल म्हणाला. तो खुशीत होता. "बघ ना, काय नशीब! माझेच साधे लाल कांदे, आणि..."

"माझ्या वाफ्यातून उचललेस."

वेंडेलचं हसू हळूहळू मावळलं. "काय म्हणालास?"

"मागितलेस, दिले नाहीत, उचललेस. उरलेले रस्त्यात वाटलेस."

वेंडेल वळला. घरात गेला, माझी शिडी बाहेर आणली आणि कुंपणाला टेकवून ठेवली. मग पुन्हा आत गेला आणि फावडंही आणून ठेवलं. अठरा वर्षांची मैत्री परत, आणि वर दार लावल्याचा आवाज.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण अपमान झालेला चष्मेवाला ही फार भयंकर गोष्ट असते. मी राज्याच्या शेती खात्याला अर्ज लिहिला. तीन प्रतींत. 'लिंडन रस्त्यावरील पट्टेदार ट्यूलिप हे माझ्या मूळ फुलाचीच संतती आहेत हे शास्त्रीय तपासणीने सिद्ध करून मिळावे.' सोबत नकाशा जोडला. नकाशात माझं घर लाल शाईनं आणि वेंडेलचं काळ्या शाईनं.

सरकारी खातं उत्तर देत नाही हा आपला अनुभव. पण माझ्या कर्मानं या खात्यातलं माणूस पाचव्या दिवशी दारात हजर झालं. डॉक्टर नोरीन प्रुइट. तिशीतली बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात भिंग. अख्खा रस्ता जमला. लोइसनं कॉफी आणि बदामाच्या वड्या बाहेर आणल्या, कारण कुणाची बेअब्रू होत असली तरी पाहुण्यांना तोंड कोरडं ठेवून ऐकवू नये अशी आमच्याकडे रीत आहे. सासूबाईंनी खुर्ची बाहेर मागवली. वेंडेल कुंपणापलीकडे हाताची घडी घालून उभा.

प्रुइटबाईंनी माझी अकरा फुलं पाहिली, पानं उलटी करून पाहिली, मग वेंडेलची, मग ट्रूडीबाईंची. मी घसा साफ केला. "तर मग? एकाच घराण्यातली आहेत ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. "घराणं वेगळं आहे. आजार एकच आहे."

"आजार?"

"विषाणू. पाकळीत लाल रंग तयार होतो ना, ते काम त्यानं जागोजागी बिघडवलंय. जिथे रंग झाला नाही तिथे खालचा पांढरा दिसतो. तेच तुमचे पट्टे. पानं प्रयोगशाळेत पाठवते, पण माझी खात्री आहे."

मी एका आजारी रोपट्याला आठवडाभर नाश्ता घातला होता, वर्षभर जपलं होतं, आणि त्या आजाराला माझ्या सासूचं नाव देणार होतो.

"मग औषध सांगा," ट्रूडीबाई म्हणाल्या. "फवारून टाकू. मरेल मेला."

"मरायला तो आधी जिवंत हवा ना," प्रुइटबाई म्हणाल्या.

"म्हणजे मेलेला आहे?"

"तसंही नाही. असं बघा. त्याला तोंड नाही, पोट नाही, तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. तो म्हणजे एक चिठ्ठी आणि तिच्यावर एक कोट. चिठ्ठीत लिहिलंय, 'माझ्यासारखे आणखी बनवा.' बाहेर नुसता पडून असतो. झाडाच्या पेशीत शिरला की पेशी बिचारी ती चिठ्ठी वाचते आणि स्वतःचं काम टाकून त्याच्या प्रती काढत बसते. हजारो. मग त्या शेजारच्या पेशीत."

"आमच्या कचेरीत असाच एक साहेब होता," कोपऱ्यावरचे आजोबा म्हणाले.

मी भिंग मागितलं. निदान गुन्हेगाराचं तोंड तरी बघावं. प्रुइटबाईंनी भिंग दिलं आणि वर सांगितलं की यातून दिसणार नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. वीस वर्षं मी लोकांना नीट दिसावं म्हणून झटतो आहे. माझ्याच अंगणात माझ्याच डोळ्यांची अशी फजिती व्हावी!

"याहून बारीक असतात का हो काही?" वेंडेलनं विचारलं. त्याला यंत्रांत आणि बारीक कामात पहिल्यापासून रस.

"असतात की. बटाट्यात एक सापडतो. नुसतीच चिठ्ठी. त्याला कोटसुद्धा नसतो."

"नागडाच?" वेंडेल म्हणाला. ट्रूडीबाईंनी तोंडावर रुमाल धरला, पण ऐकायला एक पाऊल पुढे आल्या.

"पण मग तो या घरातून त्या घरात गेला कसा?" मी विचारलं. मला अजून हातांची आशा होती.

"मावा." बाईंनी एक पान उलटं केलं. खाली हिरवे बारके किडे बसले होते, मोहरीएवढेही नाहीत. "आजारी झाडाचा रस प्यायचा, उडून दुसऱ्यावर बसायचं, सोंड खुपसायची. गेल्या वसंतात खुपसली, यंदा फुलात दिसलं. कुंपणं, नोंदी, मालकी, काही मानत नाही मावा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग वेंडेलकडे. वेंडेल एकच वाक्य बोलला, तेही बाईंना : "म्हणजे चोर सापडला तर."

तो घरात गेला. मला त्या क्षणी माव्याएवढं होऊन पानाखाली बसावंसं वाटलं.

पण बाईंचं काम संपलं नव्हतं. "याचं मूळ कुठेतरी जवळच असणार," असं म्हणत त्या वाफ्याच्या कडेनं चालत गेल्या आणि नारिंगी लिलींच्या कोवळ्या कोंबांपाशी थबकल्या. "या कुणाच्या?"

सगळ्यांनी सासूबाईंच्या खुर्चीकडे बघितलं. वड्या चावण्याचे आवाजसुद्धा थांबले.

"माझ्या," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "पंधरा वर्षं झाली. एका पानावर कधी डाग नाही. माझ्याकडे आजारपण चालत नाही."

"तेच तर. या जातीच्या लिलीत विषाणू राहतो, पण तिला काहीच होत नाही. स्वतः ठणठणीत. त्रास शेजाऱ्यांना."

लोइस एकदम वळून किटली घेऊन आत गेली. तिचे खांदे हलत होते. मी मात्र गंभीर राहिलो, कारण मला त्याच घरात राहायचं होतं.

"बाई," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी चर्चमध्ये माझ्या पर्समधली पेपरमिंटं वाटते. कुणाला काही झालेलं नाही. लिहून घ्या."

प्रुइटबाईंनी ते खरंच लिहून घेतलं. मग निकाल दिला : पट्टेदार असोत की लाल, या रस्त्यावरचे सगळे ट्यूलिप आणि त्या लिली कांद्यासकट उपटून जाळायच्या. कोण लागण होऊन बसलंय ते यंदा कळणार नाही. आणि पुढची दोन वर्षं इथे ट्यूलिप नाही.

उत्सवाला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी उत्सव समितीचे अध्यक्ष मिस्टर टेनकिंक यांचा निरोप आला : ज्या रस्त्यावर ट्यूलिप नाहीत त्या रस्त्यावरून मिरवणूक जाणार नाही. लिंडन रस्त्यावर माझ्याशी बोलणारं आता कुणी उरलं नाही. आजोबांनी आपली चौदा फुलं उपटली तेव्हा माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलेलो नाही. अर्ज केला नसता तर निदान यंदाचा उत्सव पट्ट्यांसह पार पडला असता, हे प्रत्येकानं मला तिसऱ्याकडून कळवलं.

जाळायला परवाना लागतो, आणि गावचे परवानेही त्याच कचेरीतून मिळतात. मी मिस अल्बर्डांकडे गेलो.

"जाळायची वस्तू," त्यांनी वाचलं. "जिवंत, मृत की बांधकामाचा कचरा?"

"झाडं जिवंत आहेत. विषाणूचं नक्की नाही."

"नक्की करून या."

"मिस अल्बर्डा, ते जगात कुणाचंच नक्की नाही. राज्याची डॉक्टर म्हणते, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही."

त्यांनी पेन ठेवलं. मग अशा आवाजात, की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं, त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत या चौकोनावर पहिल्यांदाच कुणीतरी विचार केला." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं चौथा चौकोन काढला, त्यावर खूण केली.

मी उठलो. तेवढ्यात त्यांनी कपाटातून उत्सवाच्या नियमांचं पुस्तक काढलं. "बसा. नियम सातवा वाचा."

"लाल, सरळ, एकसारखे. सहा इंच अंतरावर."

"आणखी काय लिहिलंय?"

"काही नाही."

"जिवंत असावेत, असं लिहिलंय?"

मी नियम पुन्हा एकदा वाचू लागलो. त्या मात्र पुढच्या माणसाला हाक मारत होत्या.

लाल, सरळ, एकसारखी तीनशे लाकडी फुलं आठ दिवसांत बनवणारा माणूस गावात एकच होता, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता. मी त्याच्या कामाच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. शेजारी लोइस.

"वेंडेल, मी चुकलो. मी जे..."

वेंडेलनं लाकूड गोल तासायचं लेथ यंत्र सुरू केलं. भर्रर्र. मी थांबलो. लेथ थांबलं.

"मला तुझी माफी..."

भर्रर्र.

असं चार वेळा झालं. मग लोइसनं त्याला योजना सांगितली. लाकडाचा एक तुकडा उचलून त्यानं बोटांत फिरवला, आणि तिला म्हणाला, "पाकळ्या कोरणं जमणार नाही. मिटलेली कळी होईल. आणि त्याला सांग, कानस हातात धरता येत असेल तर उद्या सकाळी सातला ये."

मी पावणेसातला गेलो. पुढचे आठ दिवस दुकानात रजा टाकून मी कानस मारली, काड्या बसवल्या, पातळ फळ्यांची पानं कापली. वेंडेल माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. "त्याला सांग, डावीकडचा कोपरा अजून टोचतोय." "त्याला सांग, जेवायला जायचं असेल तर जा." लोइस घरी गेली की तो हेच लेथला सांगायचा. तिसऱ्या दिवशी ट्रूडीबाई कानस घेऊन आल्या. चौथ्या दिवशी आजोबा, स्वतःची खुर्ची घेऊन. सासूबाई रंगाच्या डब्याशी बसल्या. लिली जळताना त्या खिडकीशी उभ्या होत्या. मी चहाचा कप ठेवला तेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, इतकी वर्षं ती आजारी होती आणि मला कळू दिलं नाही तिनं." आणि कुंचला बुडवला. त्या दिवसापासून मी सासूबाईंवर विनोद करताना जरा बेतानं करतो.

शेवटची साठ फुलं उत्सवाच्या सकाळी रंगली. दहा वाजता आम्ही ती जमिनीत खोचली, दोरी धरून, सहा सहा इंचांवर. असा सरळ वाफा लिंडन रस्त्यानं कधी पाहिला नव्हता. अकराला बँड ऐकू आला.

मिरवणुकीच्या पुढे मिस्टर टेनकिंक. काळा कोट, उंच टोपी, छातीवर साखळी, पांढरे हातमोजे. त्यांचा रिवाज असा की रस्त्याची पाहणी करायची, रस्ता मळलाय असं जाहीर करायचं, मग आम्ही लाकडी बूट घालून तो खराट्यांनी घासायचा. मला एकच धास्ती होती, आणि एकच आशाही होती. दरवर्षी मी टेनकिंकसाहेबांचे डोळे तपासतो, दरवर्षी ते चष्मा नेतात, आणि गावात त्यांना चष्म्यात कुणी पाहिलेलं नाही. त्यांना तो शोभत नाही असं त्यांच्या आईनं पन्नास वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

साहेब वेंडेलच्या वाफ्यापाशी थांबले. डोळे बारीक केले. बँड थांबला. आमचा सगळा रस्ता खराटे धरून निश्चल.

"वा!" ते गरजले. "नऊ दिवसांपूर्वी मला सांगितलं गेलं की इथे रोगराई आहे. बघा! एका पाकळीवर डाग नाही! याला म्हणतात निरोगी फूल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस अल्बर्डा समितीच्या रांगेत आभाळाकडे बघत होत्या. आणि मग साहेबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी टोपी काढली, कमरेत वाकले, आणि एका फुलाला नाक लावून डोळे मिटून खोल, तृप्त श्वास घेतला.

"अहो, ते ओ..." सासूबाई पुटपुटल्या. लोइसनं त्यांचा दंड दाबला.

साहेब ताठ झाले. नाकाच्या शेंड्यावर लालभडक, गोल, ओला रंग. "सुगंधसुद्धा," त्यांनी जाहीर केलं, "मागच्या वर्षीपेक्षा उग्र!" आणि टोपी चढवून, पांढरा हात हलवत, ते मागून आलेल्या उघड्या मोटारीत जाऊन उभे राहिले. मोटार निघाली. दोन्ही बाजूंच्या हजारो लोकांनी त्यांना बघितलं आणि जी आरोळी उठली, तशी उत्सवाच्या इतिहासात कुणाच्या वाट्याला आली नसेल. साहेबांना गहिवरून आलं. ते दोन्ही हात हलवू लागले.

मी खराटा टेकवून उभा होतो. वेंडेल माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता, ते मला कळलंच नव्हतं. मोटार लांब जाईपर्यंत तो समोर बघत राहिला. मग, लोइसला नव्हे, लेथला नव्हे, मला म्हणाला, "सांगायचं का रे त्यांना?"

मी म्हणालो, "अर्ज करावा लागेल."

"तीन प्रतींत," वेंडेल म्हणाला, आणि त्यानं रस्त्यावर बादली ओतली.